पेशीला ऊर्जा कमी पडतेय हे कळतं कसं? एएमपीके आणि इतर सेन्सर प्रथिनांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेशीतलं सेन्सर प्रथिन म्हणजे नक्की काय?

ज्या प्रथिनाला एखादा ठरावीक लहान रेणू बसेल अशी खाच असते आणि तो रेणू बसल्यावर ज्याची घडी बदलते, ते सेन्सर प्रथिन. घडी बदलली की त्याचं कामही बदलतं. एखादं एन्झाइम जोरात चालू लागतं, एखादं छिद्र बंद होतं, एखादं प्रथिन आपल्या जोडीदाराला सोडून देतं. यात कुठेही मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत. एकट्या यीस्टच्या पेशीतही हीच व्यवस्था आहे.

ऊर्जेच्या हिशेबात अशी बरीच प्रथिनं गुंतलेली असतात. एएमपीके इंधनाची चणचण ओळखतं. ग्लुकोकायनेज रक्तातली साखर ओळखतं. सेस्ट्रिन२ ल्यूसिन हे अमिनो आम्ल ओळखतं. खाली बराचसा भर एएमपीकेवर आहे, कारण बाकीच्यांचे धागे कुठे ना कुठे त्याच्यापाशी येतात.

पेशीचं चलन एटीपी आहे, तर पेशी थेट एटीपीच का मोजत नाही?

हा प्रश्न नीट समजला की पुढचं निम्मं काम झालं, म्हणून जरा आकडेमोड करू.

एटीपीतून एक फॉस्फेट गेलं की एडीपी उरतं, दोन गेले की एएमपी. पेशीत अॅडेनिलेट कायनेज नावाचं एन्झाइम सतत एक अदलाबदल करत असतं: दोन एडीपी घेऊन एक एटीपी आणि एक एएमपी बनवणं, किंवा याच्या उलट. या अभिक्रियेचा समतोल स्थिरांक साधारण १ आहे. म्हणजे एडीपीचा वर्ग करून त्याला एटीपीने भागलं की एएमपी किती ते कळतं.

समजा आरामात असलेल्या स्नायूपेशीत ५००० मायक्रोमोलर एटीपी आणि ५० मायक्रोमोलर मोकळं एडीपी आहे. ५० चा वर्ग २५००, भागिले ५०००, म्हणजे एएमपी ०.५ मायक्रोमोलर. आता काम वाढलं आणि एडीपी १५० वर गेलं. एटीपी तेवढंच घटून ४९०० झालं. १५० चा वर्ग २२,५००, भागिले ४९००, म्हणजे सुमारे ४.६.

एटीपी घटलं फक्त २ टक्के. एडीपी तिप्पट झालं. एएमपी मात्र नऊपट. एटीपी मोजणाऱ्या प्रथिनाला २ टक्क्यांचा फरक कळलाही नसता, आणि त्याला कळण्याइतकं एटीपी घटेपर्यंत पेशीचे पंप बंद पडायला लागले असते. एएमपी मोजणाऱ्याला तोच बदल ठळक दिसतो. ही युक्ती फार देखणी आहे, आणि ती हातात कागद घेऊन एकदा स्वतः सोडवून पाहावी असं आम्ही प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो.

पण एटीपी तर एएमपीच्या हजारो पट असतं. मग खाचेत एएमपीला जागा मिळते कशी?

पेशीतलं बहुतेक एटीपी मॅग्नेशियमला बांधलेलं असतं, आणि मॅग्नेशियमसह असलेलं एटीपी एएमपीकेच्या खाचेत सैल बसतं. खरी स्पर्धा उरते ती मोकळ्या एटीपीशी, आणि ते थोडंच असतं.

एएमपीकेची रचना कशी असते?

तीन वेगवेगळ्या साखळ्या मिळून एक प्रथिन. अल्फा साखळीत प्रत्यक्ष काम करणारा भाग असतो, म्हणजे एटीपीचा फॉस्फेट घेऊन तो दुसऱ्या प्रथिनावर चिकटवणारा कायनेज. बीटा साखळी बाकी दोघींना जोडून ठेवते, शिवाय तिच्यावर ग्लायकोजेनला, म्हणजे पेशीतल्या साठवलेल्या साखरेला, धरणारा एक भाग असतो. सेन्सर म्हणावा तो भाग गॅमा साखळीत. तिच्यात चार खाचा आहेत. त्यातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या खाचेत काहीच बसत नाही, उरलेल्या तीन कामाच्या.

माणसात अल्फाचे दोन, बीटाचे दोन आणि गॅमाचे तीन प्रकार आहेत. दोन गुणिले दोन गुणिले तीन, म्हणजे बारा जोड्या शक्य. हे नुसतं गणित नाही. गॅमा३ जवळजवळ फक्त सांगाड्याच्या स्नायूंत सापडते, म्हणून एखादं औषध यकृतात लागू पडून स्नायूत फुकट जाऊ शकतं.

ते चालू होतं नेमकं कसं?

अल्फा साखळीवर १७२ क्रमांकाच्या जागी थ्रिओनिन आहे. त्यावर फॉस्फेट बसलं की एन्झाइमचा वेग शंभरपटीहून जास्त वाढतो. हा फॉस्फेट बसवतं एलकेबी१ नावाचं दुसरं कायनेज, आणि ते बहुतेक पेशींत सतत कामावर असतं. म्हणजे फॉस्फेट बसतच असतो, आणि फॉस्फेटेज एन्झाइमं तो काढतही असतात. मोरीचा नळ चालू आहे आणि खालचं भोकही उघडं आहे, अशी स्थिती.

एएमपी गॅमाच्या खाचेत बसलं की तीन गोष्टी होतात. एलकेबी१ला फॉस्फेट बसवणं सोपं जातं. बसलेला फॉस्फेट फॉस्फेटेजपासून झाकला जातो, म्हणजे मोरीच्या भोकावर बोळा बसतो. आणि फॉस्फेट बसलेल्या एन्झाइमचा वेग आणखी दहापटीपर्यंत वाढतो. फॉस्फेट झाकण्याचं काम एडीपीही करतं. शेवटची वेगवाढ मात्र फक्त एएमपीची. तिन्ही परिणाम एकमेकांना गुणले जातात, म्हणून एकूण फरक हजारपटीच्या पुढे जातो.

चालू झाल्यावर पहिलं काम कोणतं?

चरबीचं पाहू, कारण तिथे साखळीतली प्रत्येक कडी स्पष्ट आहे.

एसीसी नावाचं एन्झाइम मॅलोनिल-कोए बनवतं. हा रेणू दोन कामं करतो. एक, नवी चरबी बनवायचा तो कच्चा माल आहे. दोन, तो सीपीटी१ या दाराला कुलूप घालतो. सीपीटी१ हे मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्यावरचं प्रथिन. लांब साखळीची चरबी जळायला आत जाते ती त्याच्यामार्फत. एएमपीके एसीसीवर फॉस्फेट चिकटवतं, एसीसी मंदावतं, मॅलोनिल-कोए घटतं, कुलूप निघतं. चरबी बनवणं थांबलं आणि जाळणं सुरू झालं, दोन्ही एकाच घावात.

बाकीची कामं थोडक्यात: कोलेस्टेरॉल बनवणारं एचएमजी-कोए रिडक्टेज मंदावतं. स्नायूत साखर आत घेणारे ग्लुट४ वाहक पेशीच्या पृष्ठभागावर येतात. प्रथिनं बनवण्याचा वेग उतरतो. दिवस-दोन दिवसांच्या टप्प्यावर नवे मायटोकॉन्ड्रिया बनवायच्या जनुकांना चालना मिळते. सूत्र एकच, एटीपी खर्च करणारी आणि थांबून चालणारी कामं मागे, एटीपी मिळवून देणारी पुढे.

याचा शोध कुणी लावला?

१९७३ मध्ये दोन वेगळ्या प्रयोगशाळांना दोन वेगळी कायनेजं दिसली: एक एसीसी बंद करणारं, दुसरं एचएमजी-कोए रिडक्टेज बंद करणारं. ही दोन्ही एकच आहेत हे स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात ग्रॅहम हार्डी यांच्या गटाने १९८७ मध्ये दाखवलं, आणि पुढच्याच वर्षी एएमपीके हे नाव आलं. वर बसून फॉस्फेट लावणारं एलकेबी१ आहे हे मात्र २००३ पर्यंत ठाऊक नव्हतं. एलकेबी१ तोवर पॉइट्झ-जेगर्स या आनुवंशिक आजारातलं जनुक म्हणून ओळखलं जात होतं. त्या आजारात आतड्यात गाठी येतात आणि कर्करोगाचा धोका वाढतो. त्यामुळे ऊर्जा आणि कर्करोग ही दोन क्षेत्रं एकदम जवळ आली.

एएमपी न वाढता एएमपीके चालू होऊ शकतं का?

हो, निदान दोन मार्गांनी. पेशीत कॅल्शियम वाढलं की सीएएमकेके२ हे वेगळं कायनेज त्याच थ्रिओनिनवर फॉस्फेट बसवतं.

दुसरा मार्ग चीनमधल्या श्यामेन विद्यापीठातल्या गटाने २०१७ मध्ये मांडला. ग्लुकोजच्या विघटनातलं अल्डोलेज हे एन्झाइम इथे सेन्सरचं काम करतं. ग्लुकोज घटलं की अल्डोलेजच्या खाचेत बसायला फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट उरत नाही. रिकामं अल्डोलेज लायसोसोमच्या पडद्यावर एएमपीके आणि एलकेबी१ यांना एकत्र आणणारी जुळणी घडू देतं. एटीपी अजून भरपूर असतानाही पेशी सावध होते ती अशी.

एमटॉर आणि एएमपीके एकमेकांच्या विरुद्ध आहेत का?

ढोबळमानाने हो. एमटॉर हे पेशीच्या वाढीची सूत्रं हलवणारं कायनेज. त्याचं पहिलं संकुल ‘माल आहे, वाढा’ म्हणतं आणि एएमपीके ‘टंचाई आहे, थांबा’ म्हणतं. एमटॉरला मालाची खबर देणारे सेन्सर वेगळे आहेत: ल्यूसिनसाठी सेस्ट्रिन२, आर्जिनिनसाठी कॅस्टर१. ल्यूसिन नसताना सेस्ट्रिन२ एमटॉरकडे जाणारी वाट अडवून बसतं. ल्यूसिन खाचेत बसलं की ते बाजूला होतं. एएमपीके टीएससी२ आणि रॅप्टर या दोन प्रथिनांवर फॉस्फेट लावून एमटॉरला खाली खेचतं.

एक सावधानता. पेशीतला कचरा साफ करणारी ऑटोफॅजी एएमपीके थेट सुरू करतं, असं बरीच पाठ्यपुस्तकं ठामपणे लिहितात. ऊर्जेच्या तीव्र टंचाईत ते ऑटोफॅजीला आवरही घालतं, असे पुरावे अलीकडे आले आहेत. हा मुद्दा मिटलेला धरू नये.

चालण्याने किंवा व्यायामाने एएमपीके चालू होतं का?

स्नायूत होतं, पण तीव्रतेवर अवलंबून. रमतगमत चालताना स्नायूतलं एएमपी फारसं वाढत नाही. धाप लागेल अशा वेगाने, म्हणजे कमाल क्षमतेच्या साधारण ६० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर, वाढ स्पष्ट दिसते. स्नायूत ग्लायकोजेन कमी असेल तर प्रतिसाद जास्त, आणि सराव झालेल्या माणसात तेवढ्याच कामाला प्रतिसाद कमी.

याचा अर्थ जेवणानंतरची शतपावली निरुपयोगी, असा अजिबात नाही. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनशिवायही ग्लुट४ पृष्ठभागावर आणतो, आणि त्यासाठी एएमपीकेखेरीज दुसरेही मार्ग आहेत. ज्या उंदरांच्या स्नायूतलं एएमपीके काढून टाकलं, त्यांच्या स्नायूंनीही व्यायामात साखर उचललीच. शरीराने इतक्या महत्त्वाच्या कामाचा भार एकाच प्रथिनावर टाकलेला नाही.

मेटफॉर्मिन एएमपीकेमुळेच काम करतं का?

पूर्णपणे नाही. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी. तिच्या रेणूवर धनभार असतो. ओसीटी१ या वाहकातून ते यकृताच्या पेशीत शिरतं, मायटोकॉन्ड्रियात साठतं आणि श्वसनसाखळीचा पहिला टप्पा सौम्यपणे अडवतं. एटीपी थोडं कमी बनतं, एएमपी वाढतं, एएमपीके चालू होतं. हे २००१ मध्ये दाखवलं गेलं, आणि कोडं सुटलं असं वाटलं. पण २०१० मध्ये ज्या उंदरांच्या यकृतात एएमपीके नव्हतंच, त्यांच्यातही मेटफॉर्मिनने साखर उतरवली. आज चित्र असं आहे की यकृतातल्या चरबीवरचा परिणाम बराचसा एएमपीके-एसीसी मार्गाने होतो; साखर उतरण्यात मात्र वाढलेल्या एएमपीचे इतर एन्झाइमांवरचे थेट परिणाम आणि आतड्यातले बदल यांचाही वाटा आहे.

गोळी घेणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. ती जेवणासोबत घ्यावी, म्हणजे पोट कमी बिघडतं. अनेक वर्षं चालू असेल तर ब१२ तपासून घ्यावं, आणि शाकाहारी असाल तर नक्कीच. मूत्रपिंडाची गाळण क्षमता, म्हणजे रिपोर्टवरचा ईजीएफआर, ३० च्या खाली असेल तर हे औषध देत नाहीत, कारण ते शरीरात साठून रक्तात लॅक्टिक आम्ल वाढू शकतं. गोळी सुरू किंवा बंद करायचा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच.

दारुहळदीतलं बर्बेरिन किंवा ‘एएमपीके वाढवणारी’ सप्लिमेंट्स घ्यावीत का?

बर्बेरिन हा दारुहळदीतला पिवळा रेणू. तोही श्वसनसाखळीचा पहिला टप्पा अडवतो, आणि पेशींवर टाकला की एएमपीके चालू होतं हे खरं आहे. पण तोंडाने घेतलेल्या बर्बेरिनपैकी फारच थोडं रक्तात पोचतं. शिवाय यकृतात इतर औषधं मोडणाऱ्या एन्झाइमांना ते अडवतं, त्यामुळे दुसऱ्या गोळ्यांची रक्तातली पातळी वाढू शकते. गरोदर स्त्रियांनी आणि अंगावर पाजणाऱ्यांनी ते घेऊ नये, नवजात बाळाला तर मुळीच देऊ नये: ते रक्तातल्या प्रथिनावरून बिलिरुबिनला, म्हणजे काविळीतल्या पिवळ्या रेणूला, ढकलून मोकळं करतं आणि कावीळ धोकादायक होऊ शकते.

बाटलीवरच्या ‘एएमपीके’ या शब्दाला तर आमचा सरळ विरोध आहे. कोणत्या अवयवातलं, कोणती जोडी, किती काळ, हे न सांगता केलेल्या त्या दाव्याला अर्थ नाही. का, ते पुढच्या उत्तरात.

एएमपीके जितकं जास्त चालू तितकं चांगलं, नाही का?

नाही. याची शिकवण एका डुकराच्या जातीने दिली. हॅम्पशायर जातीच्या काही डुकरांचं मांस शिजवताना फार पाणी सोडायचं आणि हॅमचा उतारा कमी यायचा. कारण त्यांच्या स्नायूत ग्लायकोजेन सुमारे ७० टक्के जास्त असायचं; कत्तलीनंतर त्याचं लॅक्टिक आम्ल होऊन मांस जास्त आंबट व्हायचं. २००० मध्ये कळलं की त्यांच्या गॅमा३ साखळीत एकच अमिनो आम्ल बदललेलं आहे.

पुढच्याच वर्षी माणसाच्या हृदयातलं तसंच कोडं उलगडलं. गॅमा२ साखळीत बदल असलेल्या कुटुंबांत हृदयाची भिंत जाड होते, पेशींत ग्लायकोजेन साचतं आणि हृदयात विजेची जादा वाट तयार होऊन ठोके बेफाम होतात. ईसीजीवर हे वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट सिंड्रोमसारखं दिसतं. एएमपीके नको तेव्हा चालू राहतं, ग्लुकोज आत येत राहतं, ते ग्लायकोजेन म्हणून साठत जातं. २०१७ मध्ये सगळ्या बारा जोड्या चालू करणाऱ्या एमके-८७२२ या प्रायोगिक औषधाने माकडांची साखर छान उतरवली, पण हृदय मोठं झालं आणि त्यात ग्लायकोजेन वाढलं.

आणि मेंदू? हायपोथॅलॅमसमध्ये एएमपीके चालू झालं तर भूक वाढते. उपाशीपोटी ते तिथे वाढतं, चरबीतून येणारं लेप्टिन हे हार्मोन ते उतरवतं. वजन कमी करायला निघालेल्याला तिथे ते चालू झालेलं नकोच असेल.

स्वादुपिंडाला साखर किती आहे हे कोण सांगतं?

इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीत ग्लुकोजवर फॉस्फेट लावणारं ग्लुकोकायनेज. इतर ऊतींतली, हेच काम करणारी हेक्सोकायनेजं अगदी थोड्या ग्लुकोजवरही भरून जातात. ग्लुकोकायनेज अर्ध्या वेगाला पोचतं ते लिटरमागे ८ मिलिमोल, म्हणजे १४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आसपास. त्यामुळे रक्तातली साखर थोडी वाढली की त्याचा वेगही वाढतो. वेग वाढला की एटीपी वाढतं आणि पुढचा सेन्सर, केएटीपी ही पोटॅशियमची वाहिनी, बंद होते. पेशीचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत येतं, इन्सुलिन बाहेर पडतं.

ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड ही मधुमेहाची औषधं याच वाहिनीला बंद करतात, साखर असो वा नसो. म्हणून गोळी घेतली आणि जेवायला उशीर झाला किंवा एकादशीचा उपवास धरला, की साखर घसरून घाम, थरथर, गोंधळ सुरू होतो. उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं हे आधीच विचारून ठेवा.

दोन निदानं मात्र आवर्जून लक्षात ठेवावीत. सहा महिन्यांच्या आत मधुमेह झालेल्या बाळाची जनुक तपासणी व्हायलाच हवी. केएटीपी वाहिनीच्या एका घटकात, केआयआर६.२ मध्ये, बदल असेल तर बहुतेक मुलांचं इन्सुलिन थांबवून गोळीवर नेता येतं. आणि सडपातळ तरुणाची उपाशीपोटीची साखर वर्षानुवर्षं १०० ते १४५ मध्येच अडकून असेल, तर ग्लुकोकायनेजमधला बदल असू शकतो. त्याला गरोदरपण सोडलं तर सहसा औषध लागत नाही.

प्रयोगशाळेत एएमपीके चालू आहे हे कसं दाखवायचं? ब्लॉट, म्हणजे जेलवर वेगळं केलेलं प्रथिन अँटिबॉडीने पट्ट्याच्या रूपात दाखवायचा प्रयोग, नेहमी फसतो.

सर्वांत जास्त चुका नमुना घेतानाच होतात. यकृताचा तुकडा कापून बशीत ठेवला की काही सेकंदांत त्याला ऑक्सिजन मिळेनासा होतो, एएमपी चढतं आणि कंट्रोलमध्येही पट्टा दिसतो. ऊतक द्रव नायट्रोजनमध्ये थंड केलेल्या अॅल्युमिनियमच्या चिमट्यात जागच्या जागी दाबून गोठवा. पेशी असतील तर ट्रिप्सिन लावून सोडवू नका, प्लेटवरच थंड लायसिस बफर ओता. बफरमध्ये ५० मिलिमोलर सोडियम फ्लोराइड आणि ५ मिलिमोलर सोडियम पायरोफॉस्फेट हवंच, नाहीतर फॉस्फेटेज तुमचा फॉस्फेट खाऊन टाकेल.

थ्रिओनिन १७२ चा पट्टा ६२-६३ किलोडाल्टनला येतो. तेवढ्यावर थांबू नका, एसीसीच्या सेरिन ७९ चाही ब्लॉट करा, कारण ते प्रत्यक्ष झालेलं काम दाखवतं. एसीसी २६५ ते २८० किलोडाल्टनचं, म्हणून १० टक्क्यांच्या जेलवर ते वरच अडकतं. ६ टक्क्यांचं जेल आणि थंडीत रात्रभराचा वेट ट्रान्सफर घ्या. ब्लॉकिंगला दूध नको, त्यातलं केसीन स्वतः फॉस्फेटने भरलेलं असतं; बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, वापरा. एकूण एसीसीसाठी अँटिबॉडी नसेल तर बायोटिनला चिकटणारं स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपी चालतं, कारण एसीसीवर बायोटिन असतं.

हेला किंवा ए५४९ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींत काहीच दिसत नसेल तर हात आखडू नका, पेशी बदला. या दोन्हींत कामाचं एलकेबी१ नाही. तिथे कॅल्शियम आयनोफोर, म्हणजे कॅल्शियम पेशीत सोडणारा रेणू, देऊन सीएएमकेके२ च्या मार्गाने पट्टा येतो, आणि तोच तुमचा पॉझिटिव्ह कंट्रोल. एएमपीके अडवणारं ‘कंपाउंड सी’ देऊन परिणाम गेला म्हणजे तो एएमपीकेमुळेच होता, असं लिहू नका. ते इतर अनेक कायनेजं अडवतं. अल्फाची दोन्ही जनुकं काढलेल्या पेशी हाच विश्वासाचा पुरावा.

शेवटी मात्रा. मेटफॉर्मिन घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात ते १० ते ३० मायक्रोमोलरच्या आसपास असतं, यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेत काही पट जास्त. बशीत मात्र २ ते १० मिलिमोलर टाकलं जातं, तेही २५ मिलिमोलर ग्लुकोजच्या माध्यमात, म्हणजे डेसिलिटरमागे ४५० मिलिग्रॅम साखरेत. तिथे पेशी एटीपी ग्लुकोजमधूनच भरून काढते आणि औषधाचा परिणाम झाकला जातो. ग्लुकोज ५.५ मिलिमोलरवर आणा, मेटफॉर्मिन १०० मायक्रोमोलरपासून सुरू करा आणि २४ तास द्या. कमी मात्रेत ते मायटोकॉन्ड्रियात साठायलाच तेवढा वेळ लागतो.